हाफिजचा कौल

आमच्या वसतिगृहावर वर्षाला दोन गॅदरिंगं व्हायची. एक कॉलेजचं, फिशपाँडवालं. दुसरं इराणी पोरांचं, २०-२१ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री. शब-ए-यल्दा. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ, त्यामुळे खोली ओसंडायची.

कॉटा भिंतीला उभ्या करून खाली चादरी अंथरायच्या. मधोमध डाळिंबाचे दाणे, पिस्ते आणि भर थंडीत कलिंगड! दातावर दात वाजत असताना फोड हातात यायची, आणि नाही म्हणायची सोय नसायची.

मग फारसी कवी हाफिजचा दीवान, म्हणजे त्याचा गझलसंग्रह, निघायचा. प्रश्न मनात धरायचा. सगळ्यांत थोरला गडी ‘ऐ हाफिज-ए-शिराजी’ असं पुटपुटून डोळे मिटून पान उघडणार आणि निघालेली गझल म्हणजे उत्तर. ते त्याला फाल म्हणत. आम्ही कोकणातले, आम्ही सरळ ‘कौल’ म्हणायचो. चौदाव्या शतकातल्या कवीला आम्ही एटीकेटी सुटेल का, हे विचारत होतो! शिराजला त्याच्या कबरीपाशी पक्षी चोचीनं फालाची चिठ्ठी काढून देतात, हे कळल्यावर तर आमचा पोपटवाला ज्योतिषीच आठवला.

मध्यरात्र उलटली की लॅपटॉपवर इराणी गायक मोहसिन नामजू. सेतार या इराणी तंतुवाद्यावर हाफिज, पण गळा ब्लूजचा. ‘जोल्फ बर बाद मदेह, ता नदही बर बादम.’ एरवी पुस्तकाला हात न लावणारी इंजिनिअरिंगची पोरं तोंडपाठ गायची. अर्थ विचारला, तर मोडक्या हिंदीत उत्तर आलं: केस वाऱ्यावर सोडू नकोस, नाहीतर मला वाऱ्यावर सोडशील. ‘बर बाद’ म्हणजे वाऱ्यावर! म्हणजे आपलं ‘बरबाद’ ते हेच. त्यानंतर नापास झालेला प्रत्येकजण आमच्यात ‘वाऱ्यावर’ गेलेला असायचा.

शेवटच्या वर्षी मी त्यांना एक गोष्ट सांगितली. बहमनी सुलतानानं हाफिजला दख्खनला बोलावलं होतं, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. स्वारी इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरात गलबतात चढलीही, पण वादळ उठलं तसा उतरून घरी परतला आणि दख्खनला नुसती गझल पाठवली. खोलीत क्षणभर शांतता. मग कुणीतरी म्हणालं, यावेळी त्यालाच विचारू, आला असता का?

थोरल्यानं पान उघडलं. निघाली मदिरा. तसं त्याच्या दीवानात बोट कुठंही घाला, बहुतेक तीच निघते.