एकवीस टक्क्यांचा हिशोब

मे महिन्यातली दुपार होती. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजसमोर एक पेट्रोल सेडान येऊन थांबली. उतरलेला पोरगा पंचविशीतला. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं. "मामा, चेक इंजिनचा दिवा लागलाय. चौथ्यांदा," एवढंच बोलून त्यानं चावी माझ्या हातावर ठेवली.

बोनेट उघडलं आणि निम्मी गोष्ट कळली. मूळचा काळा एअर बॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, गायब. त्याच्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप आणि टोकाला लाल रंगाचा उघडा फिल्टर. पहिल्या बोनसमधून त्यानं हा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी वाट, बसवून घेतला होता. तिसऱ्या दिवशी दिवा लागला. एका गॅरेजनं ऑक्सिजन सेन्सर बदलला, साडेपाच हजार घेतले. आठवडाभर गाडी बरी चालली, मग पुन्हा दिवा. शेवटी त्यानं मोबाइलला जोडायचा रीडर आणला आणि तो स्वतःच बिघाडाचा कोड पुसायला लागला. कोड दर वेळी एकच, पी ०१७१.

या कोडचा अर्थ मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोल इंजिनाला एक किलो पेट्रोलमागं साधारण १४.७ किलो हवा लागते. ते जमतंय की नाही, हे सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगत असतो. जुना सेन्सर तेच सांगत होता, नवाही तेच सांगत होता. मला वाईट वाटलं ते याचंच. खरं बोलणाऱ्याला काढून टाकलं होतं, आणि त्यापायी पोराचे साडेपाच हजार गेले होते.

मी स्कॅनर लावला. कोड आधीच माहीत होता, म्हणून थेट फ्युएल ट्रिमचे आकडे बघितले. ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडावं लागतंय, ते या आकड्यात दिसतं. निरोगी गाडीत तो शून्याच्या आसपास, चार-पाच टक्के इकडंतिकडं असतो. इथं शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (साठत गेलेला) मिळून आयडलला, म्हणजे रेस न देता, अधिक २८ होता. रेस २५०० आरपीएमवर धरली तर अधिक २२.

"दिवा कुठं लागतो रे? गावात का हायवेला?"

"गावातच, मामा. सिग्नलला थांबून थांबून. पुण्याला जाऊन आलो, तेव्हा नाही लागला."

आकडे आणि पोरगा एकच सांगत होते. आयडलला जास्त आणि रेस दिली की कमी, म्हणजे थ्रॉटलच्या, हवेच्या झडपेच्या, पुढं कुठंतरी हवा चोरून आत शिरतेय. आयडलला मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळ्यांतला, व्हॅक्यूम जोरात असतो, त्यामुळं बारीक चीरसुद्धा भरपूर हवा ओढते. इंजिन बंद करून धुराचं मशीन लावलं. वरून काहीच दिसेना. माझ्या हाताखालच्या बाळ्यानं खाली आरसा धरला, मी बॅटरी मारली, आणि पीसीव्हीच्या (इंजिनातल्या वाफा परत आत नेणाऱ्या) रबरी नळीच्या वळणाखालून धुराची एक बारीक रेघ सरळ वर येताना दिसली. नवा पाइप बसवताना ती नळी बाजूला रेटली होती. पाइपाचं वजन तिच्यावर येऊन पोटाकडून नखाएवढी चीर पडली होती. वरून हात फिरवला असता तर ती कधीच लागली नसती.

नवी नळी टाकली. आयडलचा आकडा २८ वरून २२ वर आला. २५०० ला २२ च राहिला.

बाळ्या बोनेट पाडायला निघाला. त्याचंही चुकलं नव्हतं. कोड पडायची मर्यादा साधारण पंचवीसच्या वर असते. आता आकडा तिच्या आत आला होता, दिवा बहुतेक परत लागलाच नसता. पोरगा पैसे देऊन खुशीत गेला असता. पण सगळीकडं सारखाच २२ म्हणजे बहुतेक हवा मोजणाऱ्यातच खोट आहे. मी त्याला विचारलं, "चढाला आवाज येतो का काही?"

तो जरा थांबला. "तिसऱ्या गिअरला टकटक येते. पेट्रोल भेसळीचं असंल म्हटलं."

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत नुसता मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. या गाडीत मास एअर फ्लो, म्हणजे आत जाणारी हवा थेट मोजणारा सेन्सर होता. हवेच्या वाटेत एक तापवलेली बारीक तार असते. हवा तिला जेवढी थंड करेल, तेवढी हवा आत गेली असं ईसीयू धरतो. सेन्सर काढून उजेडात धरला. तारेवर तेलाचा पातळ चिकट थर दिसला. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला गरजेपेक्षा जास्त तेल लागलं की असं होतं. त्यासाठीच्या स्प्रेनं धुतला (याला कार्ब क्लीनर मारू नये), पूर्ण वाळू दिला, बसवला. आकडा २१.

आता मला जुना एअर बॉक्स बघायचा होता. "घरी आहे, वडलांनी ठेवलाय," पोरगा म्हणाला आणि त्यानं फोन लावला.

तासाभरात कागलहून त्याचे वडील स्कूटरवर आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बोटांच्या पेरांत अजून काळपट रेघा. बॉक्स जुन्या चादरीत बांधून आणला होता. गाठ सोडली तर आत बॉक्स पुसून स्वच्छ, आणि सोबत दुधाच्या पिशवीत बोल्ट, बुश, जुबली क्लिप. वर कागदाची चिठ्ठी: 'बोल्ट ३, बुश ३, क्लिप १.' मी तो बॉक्स बराच वेळ हातात धरून होतो. काढलेली वस्तू अशी जपून ठेवणारा माणूस क्वचित भेटतो.

व्हर्नियर घेतला. जुन्या बॉक्समध्ये जिथं सेन्सर बसतो, तिथं नळीचा आतला व्यास ६० मिलिमीटर. नव्या पाइपात ६६. बिलाच्या मागं मी मांडून दाखवलं. ६६ भागिले ६० म्हणजे १.१. वाट गोल, म्हणून १.१ गुणिले १.१, म्हणजे १.२१. वाट २१ टक्क्यांनी रुंद झाली. तेवढीच हवा रुंद वाटेनं जाते तेव्हा तिचा वेग कमी होतो आणि तार कमी थंड होते. १२१ हवा जाते आणि सेन्सर १०० सांगतो. मग ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयूला २१ टक्के पेट्रोल वाढवावं लागतं. स्कॅनरवरही २१ च होता. बाळ्यानं तो कागद माझ्या हातातून घेतला आणि दोनदा वाचला.

"पेट्रोल वाढवून घेतंय ना ते? मग टकटक कशाची?" काकांनी विचारलं. प्रश्न नेमका होता. पेट्रोलची उणीव ईसीयू भरून काढतो, पण ठिणगी कधी टाकायची हे तो हवेच्या मोजमापावरूनच ठरवतो. हवा कमी दिसली की इंजिनावर भार कमी आहे असं धरून तो ठिणगी आधी टाकतो. चढाला, पूर्ण दमात, त्या आधी पडलेल्या ठिणगीमुळं दाब वाढून उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि त्याचा धक्का बसतो, तीच टकटक. ही टकटक ओळखणारा नॉक सेन्सर सावरायचा प्रयत्न करतो, पण रोज रोज त्याच्याच जिवावर गाडी चालवायची नाही. काकांनी नुसती मान हलवली. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती.

पोरगा गप्प होता. "त्या आवाजासाठी घेतला होता, मामा." मला त्याचं दुःख कळत होतं. गाडीवर जीव असल्याशिवाय कुणी पहिला बोनस तिच्यात घालत नाही. मी सांगितलं, याच गाडीसाठी बनवलेला, सेन्सरच्या जागी ६० चीच वाट ठेवलेला इनटेक असेल तर आण, मी बसवून देतो. नाहीतर या पाइपासाठी ईसीयूचा नकाशा, म्हणजे त्याच्या आतला आकड्यांचा तक्ता, नव्यानं बांधून घे. दोन्ही न करता हा पाइप मी लावून देणार नाही.

जुना बॉक्स बसवला. ट्रिम अधिक २ वर आला. मग आम्ही तिघं केर्लीवरून जोतिबाच्या चढाला गेलो. पोरगा चालवत होता, काका मागं, स्कॅनर माझ्या मांडीवर. तिसरा गिअर, पाय खाली दाबलेला, एसी बंद, काचा खाली. पहिलं वळण, दुसरं वळण. इंजिनाचा एकसारखा घुमारा सोडून काही ऐकू आलं नाही. आत जाणाऱ्या हवेचं तापमान ३९ अंश होतं. दुपारी गॅरेजच्या दारात उघड्या फिल्टरनं इंजिनाजवळची ६१ अंशांची हवा ओढलेली मी पाहिली होती. वर पोचल्यावर पोरानं मागं वळून वडिलांकडं पाहिलं. "गेली," ते म्हणाले. टकटक.

नळीचे, स्प्रेचे आणि मजुरीचे पैसे घेतले. लाल फिल्टर, पाइप त्याच जुन्या चादरीत बांधून डिकीत ठेवला.

रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. दिव्याबद्दल विचारतील असं वाटलं होतं.

"पिशवीतले सगळे लागले न्हवं? क्लिप धरून सात होते."

"सातही लागले, काका."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.