हळदीचा पिवळा, माझा पिवळा

गेल्या उन्हाळ्यात मी बनवलेल्या तपासणीच्या कागदावर बघून मामांना सरळ सांगून टाकलं, "तुमच्या हळदीत औषध आहे." औषध म्हणजे फवारणीचं, आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. मामांची सांगलीच्या मार्केट यार्डात अडत आहे, आजोबांपासूनची. पंगतीत कुणी भलतंच बोलावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझा कागूद खोटं बोलतोय बघ." आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

मामांचं बरोबर होतं. ते कळायला मला दीड महिना लागला.

मी कॉलेजात अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री शिकवते. घरच्यांच्या भाषेत, "ती तपासणीचं काहीतरी करते." पीएचडी मायक्रोफ्लुइडिक्समध्ये केली, म्हणजे केसाएवढ्या नळ्यांमधून थेंबभर द्रव फिरवून त्यातलं एकेक वेगळं काढायचं. नळ्या सिलिकॉन रबराच्या. रबर ओतताना ते खरवसासारखं थुलथुलीत दिसतं आणि त्यातले बुडबुडे निर्वात पंपाने काढत अर्धं आयुष्य जातं. एक बुडबुडा राहिला की चिप, म्हणजे त्या नळ्यांची रबरी वडी, कचऱ्यात. पाच वर्षांत मी किती चिपा फेकल्या ते गाइडना कधी सांगितलं नाही.

त्या नळीत काय होतं हे सांगायला मला हरिपूर सोयीचं पडतं. आमचं आजोळ तिथलं. कृष्णा-वारणेचा संगम देवळाच्या पायऱ्यांवरून दिसतो. पावसाळ्यात दोन पाण्यांचे दोन रंग थोडा वेळ शेजारी-शेजारी चालतात, मग भोवऱ्यात एक होतात. शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या रुंदीच्या नळीत भोवरा होतच नाही. दोन प्रवाह शेवटपर्यंत खांद्याला खांदा लावून जातात आणि या पाण्यातून त्या पाण्यात फक्त रेणू आपापल्या पायांनी सरकतात. छोटा रेणू पन्नास मायक्रॉन दोन-तीन सेकंदांत ओलांडतो. त्यालाच एक सेंटीमीटर ओलांडायला दिवसाहून जास्त लागतो, कारण अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. म्हणून तर नळी एवढी बारीक करायची. मोठे, जड रेणू मागे रेंगाळतात, छोटे पलीकडच्या पाण्यात पोचतात, आणि पुढे नळीला दोन तोंडं केली की वेगळं काढण्याचं काम झालं.

सांगलीला परत आले तेव्हा इथे ना क्लीनरूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, ना नळीत थेंब ढकलणारा सिरिंज पंप. मग कागद धरला. 2007 मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने फिल्टर पेपरवरच नळ्या आखून दाखवल्या होत्या. पाणी कागदाच्या धाग्यांतून स्वतःच चढतं, पंप लागत नाही. फक्त जिथे जायचं नाही तिथे बांध घालायचा. माझा बांध मेणाचा. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून पितळी ठसा करून घेतला, वाय अक्षरासारखा. त्याला वाटलं साबणाची वडी छापायचीय. ठसा तापवायचा, वितळलेल्या मेणबत्तीत बुडवायचा, कागदावर दाबायचा आणि कागद हॉटप्लेटवर क्षणभर ठेवायचा. मेण पार खालच्या बाजूपर्यंत उतरलं तरच बांध पक्का. नाहीतर पाणी खालून झिरपतं, आणि ते वरून दिसत नाही.

टोकाला पाच मिलिमीटरचा एक ठिपका. त्यात एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, वाळवलेलं असतं, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. आपल्या मज्जातंतूंत असतं तेच. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात, किड्याचंही आणि फवारणाऱ्याचंही. एन्झाइम जिवंत असलं की रंग येतो. औषधाने गळा धरला की येत नाही. म्हणजे इथे रंग न येणं ही वाईट बातमी. रंगासाठी 1961 पासूनची एलमन यांची पद्धत आहे, तिच्यात सुरेख पिवळा येतो. द्राक्षाच्या धुवणावर मी ती वापरली आणि छान चालली. त्या आनंदात मामांच्या दुकानातून राजापुरी हळदीची पुडी आणली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला मात्र आठवडा गेला.

एलमनचा पिवळा 412 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. हळदीतलं कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये 425 च्या आसपास प्रकाश शोषतं. दोन पिवळे एकमेकांच्या अंगावर. प्रत्येक नमुना 'सुरक्षित' येत होता. मुद्दाम मोनोक्रोटोफॉस हे ऑर्गनोफॉस्फेट औषध मिसळलेलाही. विष टाकूनसुद्धा कागद हसतोय म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. मी ज्याला उत्तर समजत होते ती नुसती हळद होती.

मग रंग बदलला. इंडॉक्सिल अ‍ॅसिटेट घेतलं तर तेच एन्झाइम नीळ तयार करतं. पिवळ्यावर निळा म्हणजे हिरवट, पण ओळखू येतो. आणि आता उलटं झालं: एकही ठिपका निळा होईना. मामांची पुडी, किराणातली पाकिटं, आईच्या मसाल्याच्या डब्यातली हळद, सगळी विषारी. हीच ती वेळ, जेव्हा मी तोंड उघडलं.

कोऱ्या नमुन्याची चाचणी मी आधीच करायला हवी होती. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे फळ्यावर लिहून देते. हळद नाही, औषध नाही, नुसतं अल्कोहोल ठिपक्यावर घातलं, तरी निळा आला नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही म्हणून मी हळद अल्कोहोलमध्ये घोळवत होते, आणि तेच अल्कोहोल एन्झाइमचं काम थांबवत होतं. गुन्हेगार माझ्या बाटलीत, आळ मामांच्या पोत्यावर.

तोडगा शेवटी साधाच निघाला. अर्काचा थेंब वायच्या एका टोकाला ठेवायचा आणि अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं. मग मागून बफरचं, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं, पाणी सोडायचं. कर्क्युमिन जागचं हलत नाही, कागदावर पिवळा डाग बसून राहतो. मोनोक्रोटोफॉससारखं पाण्यात विरघळणारं औषध मात्र पाण्याबरोबर पुढे एन्झाइमपर्यंत जातं. क्लोरपायरिफॉस हे त्याच जातीचं दुसरं औषध पाण्यात नीट विरघळत नाही, ते हळदीबरोबर मागेच बसतं. त्यामुळे माझ्या कागदाचं उत्तर अर्धंच आहे, आणि आता मी ते आधीच सांगते. रंग मारलेली हळद यात कळत नाही. त्यासाठी मामांकडे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची बाटली आहे. मेटॅनिल यलो हा भेसळीचा पिवळा रंग असेल तर गुलाबी फुटतो, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

बायोसेन्सरवरचे, म्हणजे एन्झाइमसारख्या जैविक गोष्टीने तपासणाऱ्या अशा साधनांवरचे, पेपर वाचताना आता मी शेवटची ओळ आधी बघते: नमुना कुठला? शुद्ध पाण्यात सगळ्यांचेच सेन्सर हुशार असतात.

दिवाळीत मामा स्वतःहून आले. माफी मी आधीच फोनवर मागितली होती, त्यावर "बरं बरं" एवढंच आलं होतं. पिशवीतून पाच पुड्या काढल्या, वर स्केच पेनाने आकडे. "कुठली कुणाची ते सांगणार न्हाई. तू सांग." आयुष्यभर सौदे बघितलेला माणूस. हळकुंड मोडून, आतला रंग बघून, वास घेऊन भाव ठरवतात ते. त्यांना फसवणं अवघड.

पाचही ठिपके निळे आले. मोबाइलवर फोटो काढून मी निळ्याचे आकडे मांडले. तीन नंबर जरा फिका होता, बाकीचे जवळपास सारखे. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तीन आणि पाच एकाच पोत्यातली हाय. मग फरक का?"

मी कागद उलटसुलट करून बघितला. तिसरा ठिपका मधोमध होता, पाचवा कडेला. कडेचं अल्कोहोल लवकर उडतं, मधल्याला वेळ लागतो. थोडं मागे राहिलं आणि एन्झाइम मंदावलं. हे सगळं मी मामांना समजावून सांगितलं.

"मग समदे कडंलाच ठेव की," ते म्हणाले आणि चहा संपवला. पूर्ण.

सोमवारी कात्री घेऊन बसणार आहे. पाच ठिपके, पाच सुट्या पट्ट्या.