शनिवारवाड्यालगत नवी इमारत : परवानगीचा माझा अनुभव

पेठेतला जुना वाडा पाडून इमारत उभारायची, तर नकाशा काढण्याआधी अंतर मोजून घ्या. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र, म्हणजे जिथे परवानगी घेऊनच बांधता येतं. पहिल्या पट्ट्यात खासगी नवं बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या वास्तूची दुरुस्ती तेवढी करता येते, तीही परवानगी घेऊन. ‘दिल्लीत ओळख आहे’ म्हणणारे एजंट भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

घोळ होतो तो मोजणीत. रस्त्याने चालत येणारं अंतर किंवा वाड्याच्या मुख्य दिल्ली दरवाजापासूनचं अंतर इथे चालत नाही. संरक्षित हद्दीचा सर्वांत जवळचा बिंदू धरायचा आणि तिथून प्लॉटपर्यंत सरळ रेष मोजायची. १०० मीटरची हद्द प्लॉटमधूनच जात असेल, तर ते बिल्डरशी करारनामा करण्याआधी कळलेलं बरं.

विनियमित क्षेत्रातल्या बांधकामाच्या परवानगीचा अर्ज ऑनलाइन जातो. सोबत मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, प्लॅन, सेक्शन (इमारतीचा उभा छेद), जागेचे फोटो. पत्रकावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर वारसनोंद आधी उरकावी. अर्जदार आणि मालक जुळले नाहीत की फाइल तिथेच बसते.

उंचीचा आकडा फार जपून लिहावा. महापालिकेच्या नियमांत पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली यांना सवलत असते. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने मिळणाऱ्या परवानगीत मात्र एकूण उंची धरतात, टाकी आणि कठड्यासकट. पालिकेच्या नकाशातला आकडा तसाच उचलला की वरची टाकीच परवानगीबाहेर जाते. आम्ही सेक्शनवर दोन्ही उंच्या वेगवेगळ्या दाखवतो. तळघराची खोलीही तिथेच लिहितो.

कायद्याने सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने, अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस करायची आणि शिफारस हाती आल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याने एका महिन्यात निर्णय द्यायचा. त्रुटी निघाली की हे गणित कोलमडतं.

टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन मजला वाढवायचा बेत असेल, तर तो पहिल्याच अर्जात धरा. मंजूर उंचीच्या वर गेलात तर नव्याने अर्ज करावा लागतो. विनापरवाना चढवलात, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.