लक्षद्वीपला जाताना रिकामी पिशवी न्या

कोचीहून जहाजाने कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी पाच दिवसांची सहल करून आलो. रात्री जहाजावर, दिवसा बेटावर. प्रवेश परवाना लागतोच आणि त्याला वेळही लागतो, तेव्हा दोनेक महिने आधी हालचाल करा. पावसाळा टाळा.

स्टीलची बाटली न्या. कवरत्तीला 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करतात. हवा काढून घेतलेल्या टाकीत वरचं कोमट पाणी उकळतं आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलवरून ओढलेल्या गार पाण्यावर ती वाफ निवते. रोज लाखभर लिटर पाणी मिळतं. ते घोटभर प्यायल्यावर विकतच्या बाटलीला हात लावावासा वाटला नाही.

कल्पेनीला किनाऱ्यावर एक आजी नारळाची कुजवलेली सोडणं दांडक्याने बडवत होत्या. ती कित्येक महिने वाळूखाली खाऱ्या पाण्यात पुरून ठेवलेली असतात. बडवलं की भुसा गळतो आणि हातात सोनेरी काथ्या राहतो. मी वेंगुर्ल्याचा, तरी आमच्या घरी सोडण सरळ चुलीत जातं, याचं वाईट वाटलं.

मिनिकॉयला मात्र अख्खा दिवस द्या. तिथे कुपा, म्हणजे ट्यूना मासा, जाळ्याने ओढत नाहीत, गळाने एकेक धरतात. उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवला की त्याचं ‘मास’ होतं. मला खरं नवल वाटलं ते उकडलेल्या पाण्याचं. ते ओतून देत नाहीत. तासन्‌तास आटवून चॉकलेटी रंगाचा दाट गोळा करतात, ‘रिहाकुरू’. एका घरी भातावर चमचाभर वाढलं. खारट, उग्र आणि विलक्षण चवदार! नाही म्हणू नका.

माड आणि मासा इथे पुरेपूर वापरला जातो. वाया जातं ते आपण नेलेलं. आमच्या तिघांची बिस्किटांची, वेफर्सची वेष्टनं तीन दिवसांत पिशवीभर झाली. एवढ्याशा बेटावर ती टाकायची कुठे? आम्ही ती पिशवी कोचीला परत आणली. तुम्हीही आणा. शाम्पूची पाकिटं घरीच ठेवा, लाडू-चकल्या डब्यातून न्या. पोवळ्याचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलू नका; तो गुन्हा आहे.

मास जरूर विकत घ्या, पण घट्ट झाकणाचा डबा सोबत हवा. घरी कुटून ओलं खोबरं, मिरची आणि कांदा घालून चटणी करा.