आधी पाठ राबवायची, मग मोजायचं

कमरेचा एमआरआय बघताना स्नायूंकडे फारसं कुणी बघत नाही. नजर जाते ती चकतीवर, नसेवर, मणक्याच्या कालव्यावर. मणक्याच्या दोन्ही अंगांना जे जाडजूड स्नायू दिसतात, त्यांत चरबी किती शिरली आहे याची एखादी ओळ लिहिली की रिपोर्ट पुढे सरकतो. मी मात्र बराच काळ याच स्नायूंत रक्त किती वाहतं ते मोजण्याच्या अभ्यासावर काम करतो आहे, आणि त्यातली एक दुपार माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या दिवशीचे गृहस्थ कंबरदुखीने वर्षानुवर्षं बेजार होते. आधीचे सगळे रिपोर्ट ‘वयोमानानुसार’ या एका शब्दावर संपलेले. अभ्यासात सहभागी व्हायला ते आपणहून आले होते. इंजेक्शन नाही हे कळल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

इंजेक्शन नसण्यामागे केवळ सोय नाही. गॅडोलिनियम, म्हणजे रक्तप्रवाह चित्रात उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य, एकदा दिलं की काही काळ ऊतींत रेंगाळतं, त्यामुळे अर्ध्या तासाने तेच मोजमाप कोऱ्या पाटीवर करता येत नाही. आम्हाला तर व्यायामाआधी आणि व्यायामानंतर असं दोनदा मोजायचं असतं. म्हणून आम्ही रक्तालाच खूण करतो. रेडिओलहरींनी रक्तातल्या पाण्याचं चुंबकत्व उलटवायचं, ते स्नायूत पोचेपर्यंत थांबून चित्र घ्यायचं, मग खूण न केलेलं चित्र घ्यायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. १९९२ साली उंदराच्या मेंदूवर ही पद्धत पहिल्यांदा दाखवली गेली. मेंदूत ती चांगली चालते, कारण तिथे दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त जातं. विश्रांतीतल्या स्नायूत हा आकडा जेमतेम दोन-चार मिलिलिटर. वजाबाकीत उरतो तो मूळ सिग्नलच्या हजारात एखादा भाग, आणि पोट श्वासाबरोबर हललं की तोही बुडतो.

त्यांचा विश्रांतीचा स्कॅन तसाच आला, नुसती खरखर. अपेक्षितच होतं. पाठीला आधी राबवावं लागतं.

व्यायामाचा बाक लोखंडी, म्हणून तो मॅग्नेटच्या खोलीबाहेर. बाकावर पालथं होऊन, कंबरेपासून पुढे वाकायचं आणि पाठीच्या जोरावर वर यायचं. दमेपर्यंत. मग खरी घाई सुरू होते. वाढलेला प्रवाह मिनिटामिनिटाला ओसरत असतो आणि माणसाला उतरवून, आत आणून, कॉइलवर, म्हणजे शरीरातून येणारा सिग्नल पकडणाऱ्या अँटेनावर, पूर्वीच्याच जागी निजवून, गुडघ्यांखाली उशी देऊन पुन्हा तोच छेद पकडायचा असतो. “काका, आता अजिबात हलू नका,” एवढंच मी म्हणालो आणि सीक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याचा ठरलेला क्रम, चालू केला.

वजाबाकीचं चित्र पडद्यावर आलं. बाहेरच्या बाजूचे मोठे स्नायू दोन्हीकडे लख्ख उजळले होते. मणक्याला चिकटून असलेला मल्टिफिडस उजवीकडे उजळला होता. डावीकडे जवळजवळ काहीच नाही. साध्या चित्रात दोन्ही मल्टिफिडस सारख्याच आकाराचे, चरबीही सारखीच.

अशा वेळी मला आधी शंका येते, आणि ती यायलाच हवी. कॉइल एका बाजूला कमी पकडते आहे का? मूळ चित्रांत डावं-उजवं सारखं होतं. माणूस हलला का? कडा जागेवर होत्या. त्यांना पुरेशी विश्रांती देऊन सगळं पुन्हा केलं, आणि या वेळी शेवटी डिफ्यूजनचा, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा, सीक्वेन्सही जोडला. हालचाल टिपण्याची तीव्रता (बी-व्हॅल्यू) कमी ठेवली की केशवाहिन्यांतल्या रक्ताची हालचाल त्यात वेगळी काढता येते. फ्रेंच संशोधक ल बिहाँ यांनी १९८६ साली मांडलेली ही कल्पना. दोन्ही पद्धतींचं भौतिकशास्त्र वेगळं, पण डावा मल्टिफिडस दोन्हींत मागेच राहिला.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “सापडलं का काही?” दुखतं कोणत्या बाजूला हे मी मुद्दामच आधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. त्यांनी हात डावीकडे नेला.

मला फार आनंद झाला, आणि त्याच वेळी जिभेला लगाम घालावा लागला. रक्त कमी पोचतं म्हणून दुखतं, की दुखतं म्हणून शरीर तो स्नायू वापरत नाही आणि म्हणून रक्त कमी जातं? एका माणसाच्या एका दुपारच्या चित्रांतून हे ठरत नाही. ते मी त्यांना तसंच सांगितलं. ही तपासणी अजून संशोधनातली आहे, यावरून उपचार ठरवू नका, हेही सांगितलं. ते म्हणाले, “ते ठीक आहे हो. पण डावीकडे काहीतरी वेगळं आहे, एवढं तरी खरं ना?”

तेवढं खरं होतं, आणि मी हो म्हणालो. आता ते फिजिओथेरपी सुरू करणार आहेत. ती झाल्यावर त्याच बाकावर, त्याच छेदावर पुन्हा मोजायचं आमचं ठरलं आहे. तेव्हा एकच चित्र घेऊन न थांबता प्रवाह ओसरेपर्यंत सलग चित्रं घेणार आहे. डावा मल्टिफिडस उजळतच नाही की उशिरा उजळतो, हे मला बघायचं आहे.