आगरवाड्याचं तांबडं पाणी

एप्रिलच्या उन्हात गोव्याला जाऊन किनाऱ्याकडे पाठ फिरवणारा माणूस घरच्यांच्या लेखी थोडा सटकलेलाच. पण मला आर्किया, म्हणजे उकळत्या झऱ्यांत नि मिठागरांत राहणारे जीवाणूंसारखे सूक्ष्मजीव, राहतात ती जागा बघायची होती. त्यासाठी अमेरिकेतल्या यलोस्टोनचे उकळते झरे गाठायची ऐपत नाही. म्हापशाहून दुचाकी काढली, शिवोलीचा पूल ओलांडला, चोपडे मागे टाकलं की शापोरा नदीकाठी आगरवाडा लागतो. गावाच्या नावातच मिठागर आहे.

भरतीचं पाणी बांधातल्या दारातून आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवत नेतात. पहिल्या वाफ्यांत नेहमीचं गढूळ खाडीचं पाणी, शेकडा साडेतीन मीठ असलेलं. शेवटच्या वाफ्यांत तेच सव्वीसच्या आसपास पोचतं आणि मीठ धरू लागतं. तिथं बांधावर उकिडवं बसून तिरकं बघितलं की विटकरी-गुलाबी झाक दिसते. बोट बुडवलं तर पाणी तेलकट लागतं आणि वाळल्यावर कातडी ओढल्यासारखी होते. कुणालाही वाटेल, पाणी नासलंय. लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढणाऱ्या काकांना मात्र त्याचं काहीच नवल नव्हतं. पाणी तांबडं झालं की मीठ आलंच समजायचं, एवढं सांगून ते पुन्हा कामाला लागले.

काकांचं बरोबरच आहे. या रंगात दुनालिएला नावाच्या शेवाळाचाही वाटा असतो, पण मोठा मान मीठप्रेमी आर्कियांचा. त्यांच्या पेशीतलं लाल रंगद्रव्य त्यांना कडक उन्हापासून वाचवतं, आणि लाल पाणी ऊन जास्त शोषतं म्हणून लवकर आटतं. म्हणजे मजुरी न घेता राबणारी माणसंच म्हणा ना.

इतक्या मिठात आपल्या पेशी आक्रसून मरतील. यांनी पेशीच्या आतच पोटॅशियम क्लोराइड हे दुसरं मीठ ठासून भरलंय, त्यामुळं बाहेरचं मीठ आतलं पाणी ओढू शकत नाही. पण याची किंमतही मोजावी लागते: प्रथिनं अशी घडलीत की मीठ कमी झालं की ती निकामी होतात. गोड्या पाण्यात बहुतेक जाती फुटूनच जातात. जूनमध्ये इथं पाऊस कोसळतो तेव्हा काय होत असेल, या विचारानं मी बराच वेळ तिथंच रेंगाळलो. यांच्यातलाच जाड भिंतीचा हॅलोकॉकस मात्र कमी खाऱ्या पाण्यातही तग धरतो. रायबंदरच्या मिठागरांतून गोव्यातल्या संशोधकांनी असे मीठप्रेमी आर्किया वेगळे काढून अभ्यासलेत. पणजीहून रायबंदरला जाताना रस्त्याच्या कडेला ती आगरं दिसतात. आता बरीचशी ओस पडलीत, हे बघवत नाही.

१९७७ पर्यंत सगळे आर्कियांना जीवाणूच समजत होते. मग कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनए या रेणूची तुलना करून मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची वेगळी शाखा दाखवली, आणि पुढं हे मिठातलेही त्याच घराण्यातले निघाले. यांच्यातल्या एकाच्या नावात मात्र 'हॅलोबॅक्टेरियम', म्हणजे मिठातला जीवाणू, अजून तसंच आहे. यातला माझा लाडका म्हणजे १९८० साली इजिप्तमधल्या सिनाईच्या खाऱ्या डबक्यात वॉल्सबी या संशोधकांना सापडलेला, चक्क चौकोनी आणि कागदासारखा पातळ. त्याला प्रयोगशाळेत वाढवायला २००४ उजाडलं!

येताना मूठभर जाडं मीठ घेतलं. भिंगाखाली एका खड्यात पाण्याचा बारीक थेंब अडकलेला दिसला. अशा थेंबांत आर्किया कोंडले जातात आणि दीर्घकाळ जिवंत राहू शकतात. खारवलेल्या माशावर कधी कधी गुलाबी थर चढतो, तोही बऱ्याचदा यांचाच प्रताप. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खारा बांगडा विकणाऱ्या मावशींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आमी तो घेवचोच ना." म्हणजे, आम्ही तो घेणारच नाही. जायचं तर मार्च ते मे, सकाळी लवकर, टोपी आणि पाणी घेऊन. बांधावरून चाला, वाफ्यात पाय घालू नका; चिखल तुडवून तळ घट्ट करायला त्या लोकांनी फार कष्ट घेतलेले असतात.