नीळ्ळू

सोलापूरला आम्ही दोघं दीड वर्षासाठी गेलो तेव्हा ह्यांचं वय ६७ होतं आणि माझं ६३. हे नगरच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे. मी नर्स. शिक्षण मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात झालं, नोकरी सगळी सरकारी दवाखान्यांत. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, निवृत्त जोडप्यांना परगावी सेवेला पाठवतात. पगार नसतो, भाडं, किराणा, औषधपाणी आपापल्या पेन्शनमधून. तिथल्या पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी आमच्या हातात एक वही दिली. वहीत चौदा म्हाताऱ्या माणसांची नावं. त्या सगळ्यांची मुलं पुण्याला, हैदराबादला, भिवंडीला, सुरतेला पोटापाण्यासाठी गेलेली. आठवड्यातून दोनदा प्रत्येकाकडे जायचं, बसायचं, गोळ्या बघायच्या, मुलाला फोन लावून द्यायचा. चौदातले पाच जण ख्रिस्ती होते. बाकीच्यांच्या घरी कुणी म्हटल्याशिवाय आम्ही प्रार्थना करत नसू. बसणं हेच काम होतं.

आणि नगरला आमच्या स्वतःच्या घरी ८८ वर्षांच्या सासूबाई होत्या. धाकट्या दिरांकडे. निघायच्या आधी महिनाभर मला झोप नव्हती. दुसऱ्यांच्या आयांजवळ बसायला जायचं आणि आपली आई सोडून जायची, हे कुठल्या हिशेबात बसतं? शेवटी सासूबाईंनाच विचारलं. त्या तरुणपणी बायबलबाई होत्या, गावोगाव जाऊन बायबल सांगणाऱ्या. शेवगाव-पाथर्डीकडच्या खेड्यांतून आठ-आठ दिवस पायी फिरत, आणि हे तेवढे दिवस आजीजवळ. म्हणाल्या, "मी ह्याला टाकून गेले तेव्हा ह्याने विचारलं होतं का मला? जा."

ह्यांचा इतिहास अशा वेळी सोबतीला येतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले. १८२५ मध्ये त्यांची बायको दोन मुलांना घेऊन अमेरिकेला परत निघाली, त्यातला मोठा मुलगा जहाजावरच गेला. पुढच्या मार्चमध्ये हॉल स्वतः नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने वारले. जवळ घरचं कुणी नाही. सोलापुरात आल्यावर ह्यांनी मला डॉ. कोटणीसांचं स्मारक दाखवलं. या गावातला मुलगा १९३८ साली चीनला गेला आणि १९४२ च्या डिसेंबरात, ३२ व्या वर्षी, तिकडेच संपला. हे म्हणाले, "आपण तर नगरपासून एका एसटीवर आहोत." खरं होतं. पण फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं ते एका एसटीच्या अंतरानेही व्हायचंच.

त्या दिवसाकडे येते. एप्रिलचा शेवटचा गुरुवार. आठवडाभर पारा ४२-४३ च्या खाली उतरला नव्हता. गुरुवार म्हणजे कुंभारीच्या विडी घरकुलाचा दिवस. महिला विडी कामगारांची ही १०,००० घरांची वसाहत. २००६ साली घरं त्यांच्या ताब्यात आली. दुपारी कुठल्याही गल्लीतून जा, ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. बोटं थांबत नाहीत आणि बोलणंही. बहुतेक तेलुगू. आमच्या वहीतल्या आव्वाही (आव्वा म्हणजे आजी) तेलुगूच. नवरा हातमागावर होता, तो जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा भिवंडीला यंत्रमागावर. डोळ्यांनी साथ सोडली म्हणून आव्वांनी विड्या वळणं थांबवलं होतं, पण सूप रोज मांडीवर लागायचं. त्यात शेंगा निवडत बसायच्या. भिंतीवर मार्कंडेयाची तसबीर. ह्यांनी शेजाऱ्यांकडून थोडं तेलुगू उचललं होतं, त्यामुळे आव्वांचं ह्यांच्याशी जमायचं. मला एकच शब्द नीट यायचा: नीळ्ळू. पाणी. तोही गेल्याबरोबर आव्वा विचारायच्या म्हणून.

सकाळी नऊला दिरांचा फोन आला. आई मोरीत घसरून पडल्या, पाय हलवता येत नाही. मला ऐकतानाच कळलं, खुबा. हे म्हणाले, "दोघंही निघू. तू नर्स आहेस, तुझाच उपयोग." मी म्हटलं, आधी एक्सरे निघू दे, तुम्ही मुलगा आहात, तुम्ही पुढे व्हा, मी उद्या येते. खरं कारण मलाही धड सांगता आलं नसतं. वहीत त्या दिवशी चार नावं होती, आणि उन्हाचे दिवस होते, एवढंच. ह्यांना एसटीत बसवलं, घरी येऊन डबा धुतला, थोडं रडले. एरवी दहाला घरकुलात पोचणारी मी त्या दिवशी एक वाजता पोचले. हे तीन तास मी अजून मोजते.

अकरापासून लाईट गेलेली होती. शेजारच्या ओट्यावर पाच-सहा बायका विड्या वळत होत्या. "आव्वा झोपली असंल की ओ सिस्टर, सकाळधरनं बाहेर आली नाही," एक म्हणाली. आव्वा आत खोलीत नव्हत्याच. मागच्या पत्र्याच्या शेडात खाटेवर पडलेल्या होत्या. हाक मारली, उत्तर नाही. हात लावला आणि चटका बसला. अंगाला घामाचा थेंब नाही, कातडी कोरडी, लाल. डोळे अर्धवट उघडे, ओठ काहीतरी पुटपुटत होते. काखेत थर्मामीटर ठेवला. १०६.

उष्माघात मी नोकरीत पुष्कळ पाहिले, पण तिथे बर्फ होता, सलाइन होतं, डॉक्टर होते. इथे माझ्या पिशवीत बीपीचं यंत्र आणि थर्मामीटर. लोकांना वाटतं ऊन लागायला उन्हात जावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला घरात पडल्यापडल्याही लागतं. वय वाढलं की तहान कळेनाशी होते, घाम कमी येतो. त्यात आव्वांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी होती. ती शरीरातलं पाणी आणखी काढते. तापाची गोळी इथे काही कामाची नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे. अंग बाहेरून गार करायचं, तेही लगेच. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत वाट बघायची नाही.

मी ओरडले. बायका सुपं टाकून धावल्या. चौघींनी खाटेसकट आव्वांना उचलून उत्तरेच्या बाजूच्या ओट्यावर आणलं. एकीला १०८ लावायला सांगितलं, पोरांना बाहेर पिटाळलं, लुगडं सोडलं. कुणीतरी जाडजूड सोलापुरी चादर भिजवून आणली, घाईघाईत, चांगल्या मनाने. मी म्हटलं ही नको, ही उब धरून ठेवील, पातळ फडकं द्या. त्या क्षणी घरात पातळ ओलं फडकं कुठून मिळणार? तेवढ्यात एक बाई आपल्या ओट्यावर गेली आणि पानांचं गाठोडं सोडलं. तेंदूची पानं मऊ राहावीत म्हणून रात्री भिजवून ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवतात, पानं वाळली की वळताना फाटतात. तिने पानं फरशीवर ओतली आणि फडकं मला दिलं. तिचं बघून दुसरीने, मग तिसरीने. पाच ओली फडकी. मानेवर, दोन्ही काखांत, जांघेत, पोटावर. आता वारा पाहिजे होता. पंखा बंद. मी म्हटलं, सुपं आणा, आधी तंबाखू झटका. आणि चार बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून सुपाने वारा घालायला लागल्या, धान्य पाखडतात तसा लयीत. एक थकली की दुसरी. एक पोरगी बादलीतून तांब्याने फडक्यांवर पाणी शिंपत होती.

दहा-बारा मिनिटांनी आव्वांचे ओठ हलले, आणि या वेळी शब्द कळला.

"नीळ्ळू."

मला येणारा तो एकच शब्द. शेजारणीने लगेच लिंबू-साखरेचं पाणी आणलं, तांब्या आव्वांच्या ओठांशी नेला. मी मध्ये हात घातला. आव्वा पुऱ्या शुद्धीत नव्हत्या. हाक मारली तर डोळे वळत नव्हते. असं माणूस गिळत नाही, पाणी श्वासनळीत जातं, आणि उन्हातून वाचलेला जीव त्या घोटाने जातो. मी हे सांगितलं, पण ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. "सिस्टर, मरताना पाणी मागतीय ओ. तोंडात पाणी नाही घालायचं?" तिचं बरोबर होतं. आपल्याकडे शत्रूलाही त्या वेळी कुणी नाही म्हणत नाही. आव्वा पुन्हा म्हणाल्या, नीळ्ळू. पुन्हा. ओट्यावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि मी, परगावची, परभाषेची, परधर्माची बाई, एका म्हातारीच्या तोंडचं पाणी अडवून उभी होते.

मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये पाठ केलं आहे की तहानलेल्याला दिलेला थंड पाण्याचा पेला वाया जात नाही. वधस्तंभावर प्रभूने म्हटलेलं "मला तहान लागली आहे" हे वाक्य मी दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ऐकते. त्या दुपारी मी तो पेला दिला नाही. हात कापत होता, पण काढला नाही. ओलं बोट ओठांवरून फिरवलं, तेवढंच. पदराखाली कमरेला फोन थरथरत होता. ह्यांचा असणार. तीनदा वाजला. उचलला नाही.

१०८ यायला पाऊण तास लागला की अर्धा, मला सांगता येणार नाही. गाडी आली तेव्हा ताप १०२ वर होता. तिथे मी फडकी काढायला लावली, त्याखाली नेलं तर अंग कुडकुडतं आणि ताप उलट चढतो. गाडीत मी बसले. मागे वळून पाहिलं तर ओट्यावर, फरशीवर, पायरीवर पानं पसरलेली होती. वाळून कडांनी वळलेली. हजार विड्या वळल्या की त्या दिवसाची मजुरी. त्या पाच घरांत त्या दिवशी मजुरी झाली नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात पानांचा हिशेब द्यायचा होता तो वेगळाच. कुणी चकार शब्द काढला नाही. नंतर मी पैशांचं विचारलं तर जिने पहिलं गाठोडं सोडलं तिने मला जवळजवळ रागावूनच गप्प केलं.

दवाखान्यात सलाइन, बर्फ, रक्ताच्या तपासण्या. सहाला आव्वांनी डोळे उघडून छताकडे पाहिलं. सातला मुलाचं नाव घेतलं. तरुण डॉक्टरीण बाईंनी गिळता येतंय का ते तपासलं आणि म्हणाल्या, आता द्या थोडं थोडं. मी चमचा भरला. म्हटलं, "आव्वा, नीळ्ळू." त्यांनी तोंड उघडलं. सहा चमचे पाणी पाजायला मला किती वेळ लागला असेल! एकेक घोट गळ्याखाली उतरताना बघत होते.

मुलगा रात्री कल्याणला सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसला. तो सकाळी पोचेपर्यंत कुणीतरी हवं होतं, म्हणून मी बसले. रात्री अकराला ह्यांचा फोन आला. खुब्याचं हाड मोडलंय, शनिवारी ऑपरेशन. आवाज थकलेला. "तीन वेळा फोन केला. का नाही उचललास?" मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आई विचारत होती, तू का नाही आलीस. मला उत्तर देता आलं नाही." मलाही आलं नाही. वॉर्डात पंखे घरघरत होते. त्या रात्री मी प्रार्थना केली तीही धड झाली नाही; दोन म्हाताऱ्यांची नावं एकामागून एक घेत राहिले, बाकी शब्द सुचले नाहीत.

सकाळी सातच्या सुमारास मुलगा धावतच आला, कपड्यांना सुताचे धागे चिकटलेले. आईच्या पायांना हात लावला आणि तिथेच खाली बसला. मी त्याला गोळीची चिठ्ठी दाखवली, ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायची नाही म्हणून बजावलं, आणि घरी गेले. दारात घरकुलातल्या दोघी उभ्या. हातात पिशवी, आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, "नगरला न्या, साहेबांना द्या." पाळकसाहेबांनी वही स्वतःकडे घेतली आणि मला एसटीवर सोडलं.

नगरला पोचले तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. सासूबाईंच्या पायाला वजन लावलेलं, चेहरा बारीक झालेला. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण मी खाटेजवळ गेल्यागेल्या त्यांनी पायाचं काही सांगितलं नाही, काही विचारलंही नाही.

"ती जगली का?"

"जगली, आई."

"मग एवढ्या लवकर कशाला आलीस?"

असं म्हणाल्या, आणि आयाबाई दोनदा बोलावून गेली तरी माझा हात काही सोडला नाही.